अर्धं वाचून परत आणलेलं पुस्तक

तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात मी ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलापाशी बसले. या सदरासाठी येणाऱ्या बहुतेक पत्रांत मुलाचं वय असतं, इयत्ता असते आणि 'चांगली पुस्तकं सुचवा' असं असतं. तेवढ्यावरून पुस्तक सुचवणं मला कधीच जमलं नाही. मूल पुस्तक हातात घेऊन काय करतं, कुठे थांबतं, काय परत परत मागतं, हे कळलं तर काही सांगता येतं. या वेळच्या पत्रांत ते कळवलेलं आहे, म्हणून ही निवडली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. घरी सगळे मराठीच बोलतो, पण मराठी पुस्तक घेतलं की दोन ओळींत ठेवून देतो. जोडाक्षरापाशी अडतो. वाढदिवसाला 'श्यामची आई' आणलं, ते तसंच पडून आहे. माझ्या आईनं मला ते दिलं होतं, त्यामुळे फार लागलं मनाला. — एक आई, ठाणे

ताई, ते पुस्तक त्याच्या हातून काढून तुमच्या हातात घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं आणि त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, बेचाळीस रात्री. दिवसाची कामं, प्रार्थना उरकून आश्रमातली मंडळी बसतात आणि श्याम सांगतो. म्हणजे ते ऐकायचंच पुस्तक आहे. झोपायच्या आधी एक रात्र वाचून दाखवा. पहिलीपासून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो आणि आई त्याला फोकानं बडवून विहिरीवर धाडते, ती रात्र आधी घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला भीती म्हणजे काय ते बरोबर ठाऊक असतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोकणातले जे शब्द त्याला अडतील, ते तुमच्या आवाजात अडणार नाहीत.

आता त्यानं स्वतः वाचायचं काय? त्याची समज चौथीची आणि मराठी वाचायचा वेग पहिलीचा. पहिलीतलं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते, चौथीतलं दिलं तर दम लागतो. आमच्याकडे असाच एक मुलगा आजीबरोबर यायचा. 'प्रश्न' हा शब्द आला की बोट तिथेच रुतायचं. एकदा आजीची मासिकं काढेपर्यंत तो बाकावर 'फास्टर फेणे' घेऊन बसला होता. फेणे काहीतरी ठरवतो आणि तोंडानं 'ट्टॉक' करतो ना, तो शब्द त्यानं एका फटक्यात मोठ्यानं वाचला, सुरुवातीच्या ट्ट सकट. मग पानभर बोट फिरवून आणखी कुठे 'ट्टॉक' आहे ते शोधत बसला. मी टेबलावरून बघत होते. त्या दिवशी त्यानं ते एकच पान वाचलं असेल, पण पुस्तक घरी घेऊन गेला.

तुमच्या मुलाला आधी विंदा करंदीकरांच्या बालकविता द्या. 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' यांतलं जे मिळेल ते. कविता लहान, दोन मिनिटांत संपते, आणि काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान मिळतं. शिवाय यमक पुढचा शब्द आधीच कानात आणून ठेवतं, म्हणून जोडाक्षराची धास्ती कमी होते. भुतं आहेत, वेडंवाकडं जग आहे, बाळबोध काही नाही. त्याच्या जोडीला माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं. चित्रंही त्यांचीच असतात, आणि त्यातली माणसं आपण घरात बोलतो तशीच बोलतात. तुमचा मुलगा घरी मराठी बोलतो, म्हणजे ही भाषा त्याच्या कानाला परकी नाही, डोळ्यांनाच तेवढी नवी आहे. त्यांचं 'वाचू आनंदे' तुमच्या स्वतःसाठी घ्या. बाल गट आणि कुमार गट असे त्याचे भाग आहेत, त्यात जुन्या-नव्या मराठी साहित्यातले वेचे चित्रांसह दिलेत. एक परिच्छेद तुम्ही, एक त्यानं, असं वाचा. तो अडला की शब्द सांगून टाका आणि पुढे चला. फोड करून घेऊ नका, आणि संपल्यावर 'काय शिकलास?' असं तर अजिबात विचारू नका.

मी सहावीत आहे. आमच्या शाळेतले सगळे फास्टर फेणे वाचून झाले. काही दोनदा वाचले. आता दुसरं काहीच तसं लागत नाही. गावात वाचनालय नाही. रात्री बाबांचा मोबाइल तासभर मिळतो. — एक वाचक, जत तालुका

अरे, तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. 'तसं लागत नाही' हे तू अगदी बरोबर लिहिलंस. एक सांग, फेणेमधलं तुला काय आवडतं? तो सायकलवरून सुसाट जातो, संकटात उडी घेतो, ते? की फुरसुंगीसारख्या गावातून पुण्यात शिकायला आलेला किडकिडीत मुलगा मोठ्यांना भारी पडतो, ते?

पहिलं असेल, तर भा. रा. भागवतांचीच आणखी पुस्तकं शोध. ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकाच्या साहसकथा त्यांनी मराठीत आणल्या. माणूस चंद्रावर जायच्या शंभर वर्षं आधी हा लेखक तोफेच्या गोळ्यात बसून तिकडे जाणाऱ्या माणसांची गोष्ट लिहीत होता. ते पुस्तक मराठीत 'चंद्रावर स्वारी' म्हणून आहे. दुसरं असेल, तर दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' वाच. तो हेरगिरी करत नाही, पण शाळेत, ओळखीपाळखीत जिथे काही चुकतंय असं वाटतं तिथे डोकं घालतो आणि ते निस्तरतोही. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथाही तुझ्या वाटेवर आहेत, पण त्यांना सातवी-आठवीपर्यंत थांबलास तरी चालेल.

मोबाइलवर 'किशोर' मासिक उघड. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. तुझ्या बाबांच्या लहानपणचे अंकही सापडतील. तेव्हा तासभर मोबाइल तुला एकट्याला लागेलच असं नाही, बाबाही शेजारी येऊन बसतील. शाळेत जे फेणे आहेत ते कुणाकुणाकडे फिरतात ते बघ. तुमचे चौघं-पाच जण असतील तर दर जत्रेला एकेकानं एक पुस्तक घ्यायचं आणि सगळ्यांनी वाचायचं. तू कोणतं घेतलंस ते मला कळव.

मुलगी अकरा वर्षांची, हुशार आहे. पण पुस्तकं अर्ध्यात सोडते. गेल्या सहा महिन्यांत नऊ पुस्तकं आणली, पाच अर्धवट. पूर्ण केल्याशिवाय नवीन आणायचं नाही असा नियम केला, तर तिनं वाचणंच थांबवलं. शिस्त कशी लावावी? — एक वडील, नागपूर

नियम आजच काढून टाका, आणि मी काढला असं तिला सांगा.

सहा महिन्यांत चार पुस्तकं पुरी वाचली, ते तुमच्या पत्रातच आहे. बाकीच्या पाचांत ती कुठवर गेली, ते पाहिलंत का? आम्ही मुलांना पुस्तक परत घेताना एकच विचारायचो, 'कुठवर वाचलंस?' रागानं नाही, नोंद करायला. अर्धं परत आलं की मी देवघेवीच्या वहीत पेन्सिलीनं बारीक 'अ' काढायचे. वर्षअखेरीला त्या 'अ'वर नजर फिरवली की कळायचं, एखादं नावाजलेलं पुस्तक आठ मुलांनी नेलं आणि सातांनी विसाव्या पानाच्या आसपास सोडलं. तिथे मुलांची शिस्त काय करणार? त्या जातीचं पुस्तक पुन्हा खरेदीच्या यादीत घालायचं नाही, एवढं मी शिकले. आणि असंही व्हायचं की ज्या मुलानं चौथीत 'अ' मिळवला, तोच सहावीत तेच पुस्तक मागायला येई.

हे मला सुरुवातीपासून येत नव्हतं. १९९४ च्या मे महिन्यात एक मुलगी रोज पुस्तक बदलायला यायची. परीकथा, चांदोबा, जे दिसेल ते. मला वाटलं, इतकी भराभर वाचते तर हिला काही भारी द्यावं. एका थोर पुरुषाचं जाडजूड चरित्र दिलं, वर सांगितलं, 'हे पूर्ण करूनच ये.' ती आलीच नाही. जुलैत तिच्या धाकट्या भावानं पुस्तक आणून दिलं. अकराव्या पानात मोरपीस होतं. त्यानंतर ती वाचनालयाची पायरी चढली नाही. ते मोरपीस मी टेबलाच्या खणात निवृत्त होईपर्यंत ठेवलं होतं, कुणाला 'पूर्ण करूनच ये' म्हणावंसं वाटलं तर खण उघडायला.

तुमच्या मुलीनं सोडलेली पाच आणि संपवलेली चार पुस्तकं एकदा तिच्यासमोर पसरा आणि तिलाच वेगळी करू द्या. जाडी, अक्षराचा आकार, मुलगी नायिका आहे की नाही, पहिल्या दोन पानांत कुणी बोलतं का, असं काहीतरी निघेल. ते मला लिहा, मग नावं सुचवते.

सात वर्षांची नात एकच पुस्तक रोज वाचते. पाठ झालंय. नवीन घेतच नाही. — फोंडा, गोवा

आजी, वाचू दे. पाठ झालेल्या पुस्तकात तिला पुढे काय होणार ते माहीत असतं आणि तसंच होतं, याचं सुख मोठं असतं. शब्द पाठ असल्यामुळे आता ती त्यांचे आकार न्याहाळत असेल, चित्राच्या कोपऱ्यातली मांजर पाहत असेल. दुसरं पुस्तक शेजारी नुसतं ठेवून द्या, त्याबद्दल बोलू नका. आणि जुनं फाटलं तर तेच पुन्हा विकत घ्या.

नातू पाच वर्षांचा, न्यू जर्सीत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेट होते. 'काय केलंस?' 'नथिंग.' यापुढे गाडी जात नाही. गोष्ट वाचून दाखवली तर पुस्तक त्याला दिसत नाही आणि तो उठून जातो. — एक आजोबा, वडोदरा

एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक तिकडे जाणाऱ्या कुणाच्या बॅगेतून पाठवा, एक तुमच्यापाशी. त्याच्या मांडीवर त्याचं, तुमच्या मांडीवर तुमचं. 'पान उलट' असं तुम्ही म्हणायचं आणि दोघांनी एकदम उलटायचं. पाच वर्षांच्या मुलाला हा एकदमपणा फार आवडतो.

पहिल्यांदा मजकूर नसलेलं घ्या. माधुरी पुरंदऱ्यांचं 'चित्रवाचन' आहे. त्यात बघून बोलायचं असतं. 'तो माणूस काय घेऊन चाललाय?' असं विचारलंत की 'नथिंग' म्हणता येत नाही. त्याला शब्द इंग्रजीत आला तर येऊ द्या, तुम्ही पुढच्या वाक्यात सहज मराठी शब्द वापरा. मग त्यांचंच 'राधाचं घर'. घर, आई, बाबा, आजी, आजोबा, सगळं त्याच्या ओळखीचं. प्रती मिळेपर्यंत प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट आहेत, तीच गोष्ट इंग्रजीतही बहुधा मिळते. तुम्ही मराठीतली उघडा, तिकडे त्याची आई दोन्ही उघडेल.

तुम्ही वडोदऱ्याचे, म्हणून एक आठवण काढते. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून तुमच्या संस्थानात ग्रंथालयं उभी केली, आणि पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरवल्या. अमेरिकेला जाणाऱ्या बॅगेत तुम्ही मराठी पुस्तक ठेवाल तेव्हा ते ऋण थोडं फिटेल.

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. मुलांची घरची बोली वेगळी. शाळेत सुमारे २०० पुस्तकं आहेत, पण फाटतील, हिशेब द्यावा लागेल म्हणून कपाट कुलपात असतं. उघडायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू? — एक शिक्षक

सर, तुम्ही ठरवलंत, इथेच निम्मं काम झालं. दोनशेच्या दोनशे एकदम काढू नका. मुलांनाच बसवून पातळ आणि चित्रांची चाळीस वेगळी काढा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची, प्रथमची, एकलव्यची पुस्तकं त्यात नक्की असतील. भिंतीला मुलांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी ताणा आणि पुस्तकं मधोमध उघडून त्यावर अडकवा. कणा दिसण्यापेक्षा मुखपृष्ठ दिसू द्या. पहिलीच्या मुलाला कण्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण मुखपृष्ठावरचं अस्वल लगेच दिसतं.

पहिला महिना वाचून घेऊ नका. चित्र बघून मुलांनी त्यांच्या बोलीत गोष्ट सांगावी, आणि तुम्ही ती ऐकावी. एखाद्या प्राण्याला ते काय म्हणतात ते तुम्हाला समजेल, तोच शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा. आपल्या घरचा शब्द फळ्यावर दिसला की मुलं पुस्तकातल्या परक्या शब्दालाही जागा देतात. मोठ्या मुलांसाठी 'तोत्तोचान' शोधा, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलंय. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या जपानी शाळेची खरी हकिकत आहे. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर दोन पानं तुम्ही वाचा. त्या शाळेत डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं आणायला सांगत. तुमची मुलं डोंगरातलं काय काय आणतील, ते मला बघायला आवडलं असतं.

पुस्तकं फाटणार. हाताळलेलं पुस्तक फाटतं. चिकटपट्टी मात्र लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, गोंद पानात उतरतो आणि उचकटताना अक्षरं घेऊन निघते. मैद्याची पातळ खळ शिजवा, पतंगाचा पांढरा झिरझिरीत कागद बोटभर रुंदीचा फाडा, कापू नका. फाडलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात. फाट जुळवायची, ब्रशनं खळ लावायची, पट्टी ठेवून बोटानं आतून बाहेर दाबत न्यायची. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा तुकडा ठेवून वर पाटी किंवा वीट. सकाळी पान वाचायला तयार. बाइंडर खळीत किड्यांसाठी मोरचूद घालतात. ते विषारी, मुलांच्या हाती नको. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ ताजी करा. शनिवारी तिसरी-चौथीच्या मुलांना हे काम द्या. ज्यानं पान सांधलं, तो ते पुस्तक जपून उघडतो. आणि त्या पानावर काय लिहिलंय तेही वाचतो.

हिशेबासाठी एक वही ठेवा, 'हाताळून जीर्ण' असा रकाना आखा, मुख्याध्यापकांची सही घ्या. जीर्ण पुस्तकं रीतसर बाद करता येतात.

मी आठवीत आहे. आमचा कुत्रा दिवाळीनंतर गेला. आई म्हणते हसायची पुस्तकं वाच, विसरशील. मला विसरायचं नाही. प्राणी मरतो अशी गोष्ट असलेलं पुस्तक हवंय. हे वाईट आहे का? — सिंधुदुर्ग

नाही गं, अजिबात वाईट नाही. आईला तुझं रडणं बघवत नाही म्हणून ती तसं म्हणते. तिच्यावर रुसू नकोस.

तुला 'पाडस' वाचायला सांगते. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची कादंबरी, १९३८ ची, राम पटवर्धनांनी मराठीत आणली. फ्लोरिडाच्या झाडोऱ्यात राहणारा एक मुलगा, त्याचे आईवडील, शेत आणि अस्वल. वडिलांना विषारी साप चावतो, विष उतरवायला ते एक हरिणी मारतात, आणि तिचं पाडस त्या मुलाला मिळतं. शेवट आधीच सांगते, कारण तू मुद्दाम विचारलं आहेस. पाडस जगत नाही, आणि ते ज्या तऱ्हेनं जातं ते फार कठीण आहे. पुस्तक जाड आहे, सुरुवात सावकाश चालते. जंगलातला पाऊस, खाणंपिणं, शिकार, सगळं येतं, त्यामुळे पाडस यायच्या आधीच ते घर तुझं होऊन जातं. विलास मनोहरांचं 'नेगल' हे दुसरं. हेमलकशात त्यांनी आणि प्रकाश आमट्यांनी सांभाळलेल्या जंगली जनावरांच्या खऱ्या हकिकती. त्यातही जाणं आहे, पण त्याहून जास्त सांभाळणं आहे. आधी ते वाचलंस तरी चालेल.

'पाडस'चा शेवटचा भाग रात्री उशिरा एकटीनं वाचू नकोस, दुपारी वाच, घरात कुणीतरी असताना. नको वाटलं तर मिटून ठेव, पुढच्या वर्षी उघड. आणि वाचनालयाचं असेल तर तारीख उलटली म्हणून घाईनं परत नेऊ नकोस. खिडकीपाशी जाऊन सांग, अजून वाचतेय. तारीख वाढवून देतात.